संगणकाचा कारभारी केव्हा बदलावा?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगातील कोट्यवधी घरगुती संगणकांच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडली. ते संगणक सकाळी नेहमीप्रमाणे सुरू झाले, त्यांवर पत्रे लिहिली गेली, हिशेब झाले, परगावी असलेल्या मुलांशी बोलणे झाले आणि रात्री ते नेहमीप्रमाणे बंदही झाले. कोठे काही बिघडले नाही. तरीही त्या दिवसापासून ते एका अर्थी निराधार झाले. कारण अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या कार्यप्रणालीची नित्याची विनामूल्य दुरुस्ती त्या दिवशी थांबविली. आणि घरोघर प्रश्न उभा राहिला : आता काय करावे? नवी कार्यप्रणाली घ्यावी, जुनीच चालू ठेवावी, की संगणकच बदलावा?

श्रोतेहो, हा प्रश्न वरवर पाहता यंत्राचा, आणि म्हणून तंत्रज्ञांनी सोडवावयाचा वाटतो. प्रत्यक्षात तो सोडवावा लागतो घरच्या माणसाला. आणि तो बहुधा हौसेने किंवा भीतीने सोडविला जातो. नव्याची हौस असणारा पहिल्याच दिवशी नवी आवृत्ती घेतो. जुन्याची सवय जडलेला ती अखेरपर्यंत टाळतो. या दोघांत शहाणा कोण, असे गेल्या चाळीस वर्षांच्या इतिहासाला विचारले, तर मोठे चमत्कारिक उत्तर मिळते. कधी पहिला शहाणा ठरला आहे, कधी दुसरा. तेव्हा निर्णयाचे गमक नव्या-जुन्यात नसून दुसऱ्याच कशात तरी असले पाहिजे. ते कशात आहे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

कार्यप्रणाली, म्हणजे बाजारात जिला ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतात ती, हे काय प्रकरण आहे? संगणकाचे यंत्र हा एक मोठा वाडा मानला, तर कार्यप्रणाली ही त्या वाड्याचा कारभारी होय. कोठीच्या किल्ल्या त्याच्याकडे. कोणता कागद कोणत्या फडताळात ठेवावयाचा, कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला दारातच थांबवावयाचे, हे तोच पाहतो. लेखनाचा प्रोग्राम असो की हिशेबाचा, तो यंत्राशी थेट बोलत नाही. या कारभाऱ्यामार्फत बोलतो. म्हणूनच कारभारी बदलला की वाड्यातील प्रत्येकाला नव्याने ओळख पटवावी लागते. जुना प्रिंटर अनोळखी ठरतो, एखादा आवडता प्रोग्राम दाराशी अडतो, आणि धन्याला स्वतःच्याच घरात वस्तू शोधत फिरावे लागते. बदलाचा कंटाळा हा केवळ आळस नव्हे. त्याला कारण आहे.

आता इतिहासाकडे वळू. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आय.बी.एम. कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला, तेव्हा त्याच्याबरोबर मायक्रोसॉफ्टची ‘डॉस’ ही कार्यप्रणाली आली. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक खूण, आणि प्रत्येक आज्ञा अक्षरे टंकून द्यावयाची, असा तो मामला होता. २० नोव्हेंबर १९८५ रोजी ‘विंडोज’ची पहिली आवृत्ती निघाली. ती डॉसवर चढविलेला एक चित्रमय पडदाच होती, आणि ती फारशी चालली नाही. एप्रिल १९९२ मध्ये आलेली ३.१ ही आवृत्ती चांगली रुळली. पण घरोघर बदलाचा प्रश्न खऱ्या अर्थाने नेला तो २४ ऑगस्ट १९९५ रोजी निघालेल्या ‘विंडोज ९५’ने. अमेरिकेत त्या रात्री बारा वाजता दुकाने उघडी ठेवून तिची विक्री झाली. जाहिरातीसाठी रोलिंग स्टोन्स या प्रसिद्ध गायकवृंदाचे गाणे वापरण्यात आले.

एवढा गाजावाजा झाला तरी त्या वेळी बदल करणाऱ्याच्या पदरात खरोखरच काही पडत होते. तोपर्यंत कोणत्याही कागदाचे नाव आठ रोमन अक्षरांत बसवावे लागे. भाच्याच्या लग्नाचा खर्च लिहिलेला असो की वकिलाला पाठविलेले पत्र असो, त्याचे असे काही सांकेतिक नाव ठेवावे लागे की तीन महिन्यांनी ते ठेवणाऱ्यालाही उलगडू नये. विंडोज ९५ ने अडीचशे अक्षरांपर्यंत नाव लिहिण्याची मोकळीक दिली. पण तिची किंमतही होती. चार मेगाबाइट स्मृती पुरेल असे खोक्यावर लिहिलेले असे. प्रत्यक्षात आठ असल्याशिवाय काम सुखाने होत नसे, आणि त्या काळी स्मृती महाग होती. खोक्यावरची किमान गरज आणि घरातील खरी गरज यांत अंतर असते, हा पहिला धडा त्या वर्षी मिळाला. तो आजही जुना झालेला नाही.

इंग्रजी लिहिणाऱ्याला लांब नावे मिळाली, पण त्याच सुमारास मराठी लिहिणाऱ्याची अडचण अगदी निराळी होती. संगणकाला मुळी मराठी येतच नव्हते. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचा एक मानक संकेत १९९१ साली ठरला होता खरा; परंतु छापखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या व्यवहारात ज्याचा त्याचा फॉन्ट निराळा होता. युक्ती अशी होती की रोमन अक्षराच्या क्रमांकावर देवनागरी अक्षराचे, किंवा त्याच्या एखाद्या तुकड्याचे, चित्र बसवावयाचे. पडद्यावर आणि कागदावर मराठी उमटे; यंत्राच्या दृष्टीने मात्र तो मजकूर रोमन अक्षरांचाच. ज्या संगणकावर तो फॉन्ट नसेल त्यावर तो उघडला, की अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांची खिचडी दिसे. बेळगावात टंकलेला लेख इंदूरला पाठवावयाचा, तर त्याच्यासोबत फॉन्टही पाठवावा लागे.

यावरचा खरा उपाय ‘युनिकोड’ हा होता. जगातील प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक द्यावयाचा, ही त्याची कल्पना. १९९१ साली निघालेल्या त्याच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा होती. पण नुसता क्रमांक देऊन देवनागरी उमटत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते पण लिहिली जाते अगोदर. ‘र’ कधी रफार होऊन डोक्यावर बसतो, कधी पायाशी जातो. जोडाक्षरात अक्षरे एकमेकांत मिसळतात. ही व्यवस्था कारभाऱ्याला शिकवावी लागते. १७ फेब्रुवारी २००० रोजी निघालेल्या ‘विंडोज २०००’मध्ये ती शिकविलेली होती. तिच्यासोबत ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट आला. तो रेखिला होता मुंबईच्या आय.आय.टी.त अध्यापन केलेले थोर सुलेखनकार आणि मराठी कवी र. कृ. जोशी यांनी. जगभरच्या संगणकांवर देवनागरी ज्या वळणाने पुढे वर्षानुवर्षे दिसत राहिली, ते वळण एका मराठी माणसाच्या हातचे होते.

‘विंडोज ९८’मध्ये ही सोय मुळात नव्हती. तेव्हा मराठी घराच्या दृष्टीने त्या वेळचा बदल हा रंगरंगोटीचा नव्हता, लिपीचा होता. पुढे २५ ऑक्टोबर २००१ रोजी ‘एक्सपी’ आली आणि घरगुती संगणकावर तिचे राज्य सुरू झाले. तिच्यात देवनागरीची सोय होती, पण निजलेली! आत कोठेतरी एका चौकोनात खूण करून, मूळ तबकडी घालून ती जागवावी लागे. ज्याला हे ठाऊक नसे, त्याच्या पडद्यावर वेलांट्या अक्षराच्या भलत्या बाजूला जात आणि जोडाक्षरे मोडून पडत. नंतरच्या ‘व्हिस्टा’पासून ती सोय आरंभापासूनच जागी ठेवण्यात आली. असेच रुपयाच्या चिन्हाचे झाले. भारत सरकारने जुलै २०१० मध्ये डी. उदयकुमार यांनी रेखिलेले चिन्ह स्वीकारले, त्याच वर्षी युनिकोडने त्याला क्रमांक दिला, आणि २०११ साली मायक्रोसॉफ्टने व्हिस्टा व विंडोज ७ यांच्यासाठी ते दाखविणारी भर पाठविली. कारभारी अजून कामावर असला, म्हणजे त्याला नवे अक्षर शिकविता येते. हा मुद्दा लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा लागणार आहे.

मात्र या नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती मराठी घरांत विशेष बोचते. जुन्या फॉन्टांत टंकलेले कागद नव्या संगणकावर आपोआप मराठी होत नाहीत. फॉन्ट मिळाला नाही, त्याचा प्रोग्राम नव्या कार्यप्रणालीवर चालला नाही, तर वीस वर्षांचे लेखन डोळ्यांसमोर असून वाचता येत नाही. मोडी लिपीचे उदाहरण आपल्यापुढे आहेच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या कारभाराच्या कागदांत मोडीचे केवढे भांडार आहे! कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारे थोडे. मोडीला तशी अवस्था येण्यास काही पिढ्या जाव्या लागल्या. संगणकावरच्या जुन्या फॉन्टला ती एका पिढीतच आली. म्हणून नवे घेण्यापूर्वी जुने कागद युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे, निदान जुना फॉन्ट आणि एक छापील प्रत जपणे, हे काम नव्या आवृत्तीच्या मोहाइतकेच तातडीचे आहे.

येथवरचा इतिहास ऐकून कोणी म्हणेल की नवे घेणाराच शहाणा. तर मग व्हिस्टाचे काय झाले ते ऐकावे. ३० जानेवारी २००७ रोजी ती सर्वसामान्य ग्राहकांसाठी निघाली. दिसावयास देखणी, पण जड. तिने यंत्राच्या जोडउपकरणांशी बोलण्याची रीत बदलली, त्यामुळे चांगले चालणारे प्रिंटर आणि स्कॅनर मुके झाले. पदोपदी ‘हे करू का?’ म्हणून विचारणाऱ्या तिच्या स्वभावाला लोक कंटाळले. ‘व्हिस्टा चालेल’ अशी चिठ्ठी लावून विकलेल्या काही संगणकांवर तिचे खरे रूप चालतच नाही, म्हणून अमेरिकेत त्याच वर्षी कंपनीवर दावा लागला. एप्रिल २००७ मध्ये डेल कंपनीला आपल्या काही नव्या घरगुती संगणकांवर पुन्हा जुनी एक्सपी देऊ करावी लागली. एक्सपीची विक्री बंद करू नये, अशी विनंती करणाऱ्या अमेरिकेतील एका अर्जावर २००८ साली दोन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. ज्यांनी व्हिस्टा टाळली आणि २२ ऑक्टोबर २००९ रोजी निघालेल्या विंडोज ७ ची वाट पाहिली, त्यांचे काहीच बिघडले नाही. उलट त्यांचा पैसा आणि मनस्ताप वाचला.

असे का झाले? एक्सपी जुनी होती, तरी ती टिकवून धरणे शहाणपणाचे कसे ठरले? उत्तर साधे आहे. त्या सर्व काळात तिची दुरुस्ती चालू होती. आणि येथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो.

गोव्यात, कोकणात आणि बेळगावच्या बाजूला कौलारू घरे आहेत. दर वर्षी मृगापूर्वी ती शाकारावी लागतात. वानरांनी हलविलेली, वाऱ्याने सरकलेली, फुटलेली कौले पाहून बदलावयाची, एवढेच ते काम. शाकारणी चुकली तरी उन्हाळ्यात घर पूर्वीसारखेच दिसते. चूक कळते ती पहिल्या पावसात. कार्यप्रणालीचेही तसेच आहे. ती कोट्यवधी ओळींचे लेखन असते आणि त्यात फटी राहतातच. त्या जसजशा सापडतात तसतशी कंपनी दुरुस्ती पाठविते. मायक्रोसॉफ्टची ही नेमाची शाकारणी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी असते. ज्या दिवशी कंपनी ‘यापुढे नाही’ म्हणते, त्या दिवशी घर पडत नाही. शाकारणारा यावयाचा थांबतो. आणि संगणकाच्या बाबतीत एक जास्तीचा धोका आहे. नव्या आवृत्तीत बरेचसे बांधकाम जुन्याचेच असते. नव्या घराची एखादी फट बुजविली गेली, की ती दुरुस्ती न्याहाळून चोराला जुन्या घरातील तीच उघडी फट कळू शकते. म्हणजे जुन्या घराची अवस्था नुसती ‘आहे तशी’ राहत नाही. ती महिन्यागणिक वाईट होत जाते.

एक्सपीची ही शाकारणी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. साडेबारा वर्षे ती चालली होती. तरीही ती सोडावयास लोक तयार होईनात. आणि यात घरची माणसेच होती असे नाही. आपल्या देशातील बँकांची पैसे देणारी अनेक यंत्रे एक्सपीवर चालत होती. दुरुस्ती थांबून चार वर्षे झाली तरी ती पुरती बदलली गेली नव्हती. शेवटी रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना टप्पे आखून दिले आणि जून २०१९ अखेर सर्व यंत्रांवर दुरुस्ती मिळणारी कार्यप्रणाली आणा, असे फर्माविले. ज्यांच्याजवळ तंत्रज्ञ आणि पैसा आहे त्यांनीही चालढकल केली, मग घरच्या माणसाला एकट्याला दोष कसा द्यावा?

पण पाऊस कोणाची वाट पाहत नाही. १२ मे २०१७ या शुक्रवारी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. तो शिरे त्या संगणकावरील कागदांना कुलूप लावी आणि किल्लीसाठी पैसे मागे. युरोपच्या पोलीस संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांवर संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. आपल्याकडे केरळातील काही पंचायतींचे आणि आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक बंद पडले. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ विश्वस्त संस्थांपैकी निदान ८१ संस्थांचे काम विस्कळीत झाले. सुमारे एकोणीस हजार रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या असा अंदाज तेथील महालेखापरीक्षकांच्या कार्यालयाने दिला. संगणकाची दुरुस्ती न केल्यामुळे शस्त्रक्रियेसाठी आलेल्या माणसाला घरी परत जावे लागते, हे त्या दिवशी जगाला कळले.

आता या घटनेतील सर्वांत बोधप्रद गोष्ट ऐकावी. त्या वेळी वर्तमानपत्रांत एक्सपीला दोष देण्यात आला. जुने वापराल तर असेच होणार, असा एकंदर सूर होता. पण चौकशीत आढळले ते निराळेच. इंग्लंडच्या आरोग्यसेवेत बाधा झालेले बहुसंख्य संगणक एक्सपीचे नव्हतेच; ते विंडोज ७ चे होते, म्हणजे ज्यांची दुरुस्ती चालू होती असे. ज्या फटीतून चोर शिरला ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे दोन महिने आधी, प्रसिद्ध केली होती. ती कोणी लावली नव्हती! शाकारणारा कौले घेऊन दारात उभा होता, घरच्यांनी दार उघडले नाही. उलट हल्ल्याच्या पाठोपाठ कंपनीने, आपला नेम मोडून, एक्सपीसाठीही खास दुरुस्ती दिली. तेव्हा धोका आवृत्तीच्या वयात नव्हता. धोका न बुजविलेल्या फटीत होता. कालपरवाची आवृत्ती घेऊनही जो दुरुस्ती लावीत नाही, त्याच्यापेक्षा जुनी पण रोजच्या रोज शाकारलेली आवृत्ती वापरणारा अधिक सुरक्षित असतो.

हे ध्यानात आल्यावर कंपन्यांनी दुसरे टोक गाठले. २९ जुलै २०१५ रोजी आलेली विंडोज १० ही मायक्रोसॉफ्टने जुन्या ग्राहकांना वर्षभर विनामूल्य दिली. पुढे पुढे तर ती देण्याचा आग्रह इतका वाढला, की सूचनेची चौकट बंद करू पाहणाऱ्यांच्या संगणकांतही ती शिरू लागली. कॅलिफोर्नियातील एका लहान व्यवसाय करणाऱ्या बाईंचा संगणक अशा न मागितलेल्या बदलाने नीट चालेनासा झाला. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि दहा हजार डॉलरांची भरपाई मिळविली. २०१६ साली कंपनीने आपले अपील सोडून दिले. निर्णय घरमालकाचा असावा, ही साधी गोष्ट सांगावयास न्यायालयात जावे लागले, हेही या इतिहासाचे एक पान आहे.

विंडोज १० ही शेवटचीच आवृत्ती, असे कंपनीच्या एका माणसाने २०१५ साली बोलूनही दाखविले होते. ते खरे ठरले नाही. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ निघाली आणि तिने आजवर न पडलेली एक अट घातली. यंत्रात ‘टी.पी.एम. २.०’ ही सुरक्षेची चीप हवी आणि प्रोसेसर ठरावीक यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत, थोडे अपवाद सोडले तर, ही यादी २०१७ साली निघू लागलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१६ साली विकत घेतलेला, उत्तम चालणारा, भरपूर स्मृती असलेला संगणकही दाराबाहेर राहिला. अट निरर्थक होती असे म्हणता येत नाही. चावी यंत्राच्याच पोटात जपून ठेवल्याने चोरीला आळा बसतो. पण त्यामुळे चालता संगणक भंगारात काढण्याची पाळी अनेक घरांवर आली हेही खरे. १९९५ साली स्मृतीचा एक तुकडा वाढवून भागत होते. येथे तसा मार्ग उरला नाही.

मग मार्ग कोणते उरले? तीन. पहिला, ज्याचे यंत्र अटीत बसते त्याने विंडोज ११ घ्यावी. १० वरून जाणाऱ्यास ती विनामूल्य देण्यात आली. दुसरा, थोडी मुदत मिळवावी. तीस डॉलर भरून, किंवा कंपनीचे खाते उघडून आपल्या मांडणीची नक्कल तिच्या कोठारात ठेवून, घरगुती ग्राहकास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्ती मिळेल, असे २०२५ साली जाहीर झाले. तिसरा मार्ग कारभाऱ्याचे घराणेच बदलण्याचा. हेलसिंकी येथील लायनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेल्या ‘लिनक्स’च्या आधारे अनेक विनामूल्य कार्यप्रणाली तयार झाल्या आहेत. त्यांतील ‘उबुंटू’ची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते आणि तिला पाच वर्षे दुरुस्ती मिळते, एप्रिल २०२४ च्या आवृत्तीला ती २०२९ पर्यंत आहे. जुन्या यंत्रावर ती चालते, मराठीही नीट दाखविते. मात्र केवळ विंडोजसाठी लिहिलेले हिशेबाचे प्रोग्राम तेथे चालतीलच असे नाही.

यांतून निवड कशी करावी? इतिहासाने शिकविलेले तीन प्रश्न स्वतःला विचारावे, आणि ते याच क्रमाने विचारावे.

पहिला प्रश्न : मी वापरतो त्या आवृत्तीची दुरुस्ती अजून कोणी करीत आहे काय, आणि ती मी लावतो काय? करीत असेल तर घाई नाही. विंडोज ८ ने २०१२ साली कोपऱ्यातील नित्याचे बटण काढून टाकले आणि वर्षभरातच ८.१ मध्ये ते परत बसवावे लागले; जे थांबले त्यांना हा खटाटोप पडला नाही. पण दुरुस्ती थांबली असेल आणि संगणक इंटरनेटला जोडलेला असेल, त्यावरून बँकेचे व्यवहार होत असतील, तर ‘अजून चालतो आहे’ हे कारण पुरेसे नाही. उन्हाळ्यात सगळीच छपरे चांगली असतात.

दुसरा प्रश्न : माझ्या यंत्राला आणि माझ्या कामाला नवा कारभारी मानवेल काय? किमान गरजेवर भरवसा न ठेवता दुप्पट धरावी. प्रिंटर, स्कॅनर, टंकलेखनाचा प्रोग्राम यांची नावे कागदावर लिहून एकेकाची चौकशी करावी. डॉसच्या काळातील जमाखर्चाचा प्रोग्राम ज्या दुकानात किंवा सोसायटीत अजून चालू आहे, त्यांनी तर विशेष सावध असावे. विंडोज ११ ही फक्त चौसष्ट बिटांची आहे आणि तिच्यावर ते जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालत नाहीत. अशा एखाद्या कामासाठी जुना संगणक ठेवावयाचाच असेल तर खुशाल ठेवावा. मात्र त्याची इंटरनेटची तार काढून टाकावी आणि बाहेरची साधने त्याला बेफिकीरपणे जोडू नयेत. दार बंद केलेल्या खोलीला शाकारणीची निकड कमी असते.

तिसरा प्रश्न : माझे कागद नव्या घरात वाचता येतील काय? हा प्रश्न बहुतेक शेवटी सुचतो आणि नुकसान सर्वांत मोठे त्याचेच होते. प्रोग्राम पुन्हा विकत मिळतो, संगणकही मिळतो. वडिलांच्या आठवणी टंकून ठेवलेल्या, गावच्या मंडळाचा इतिवृत्तांत, मुलांची छायाचित्रे ही कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. बदल करण्यापूर्वी त्यांची एक प्रत वेगळ्या साधनावर काढावी, ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, आणि जुन्या फॉन्टांतील मराठी मजकूर जुना संगणक चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये आणून घ्यावा. त्या रूपांतरात काही अक्षरे चुकतात. मूळ पडद्यावर दिसत असतानाच ती ताडून दुरुस्त करता येतात. जुने यंत्र एकदा बंद पडले, की ताडावयास काही राहत नाही.

कंपनीची तारीख आपल्या हाती नाही. ती साता समुद्रापलीकडे ठरते आणि आपणांस कळविली जाते. परंतु ती बहुतेक वेळा बरीच अगोदर कळविली जाते, हेही खरे. एक्सपीच्या बाबतीत ती वर्षानुवर्षे ठाऊक होती, विंडोज १० च्या बाबतीतही होती. मधल्या काळात आपले कागद सावरून, यंत्राची चौकशी करून, घरातल्यांशी विचार करून ठरविले, तर निर्णय कोणताही झाला तरी तो आपला असतो. घरात ज्यांनी संगणक घेतल्यापासून या तीन प्रश्नांपैकी एकही विचारलेला नसेल, त्यांनी तिसऱ्यापासून आरंभ केला तरी चालेल. क्रम चुकेल, पण कागद वाचतील.